हवानाला निघालेल्या बाईंचे जामीन

आमच्या जुन्या ऑफिसातली चार माणसं भेटली की मंदीचा विषय निघतो, आणि पाचच मिनिटांत मंदी बाजूला राहून सावंतबाई सुरू होतात. दर भेटीत किस्से वाढतात. हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलेले.

* * *

दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये आमची बंदरांची ड्रॉइंग्ज करणारी कंपनी होती. खोर फक्कान बंदराच्या धक्क्याच्या रेघा मारून मारून बाईंना चष्मा लागला. एखादं जुनं, गाणं-बजावणं असलेलं बंदर बघायचं म्हणून त्यांनी हवानाचं तिकीट काढलं, आणि मंदी आली. दर गुरुवारी कोणाच्या तरी हातात नोकरी संपल्याचं पत्र पडायचं. अशात रजा मागणं म्हणजे आपणहून यादीत नाव घालणं. बाईंनी फॉर्म भरला. कारण : हवाना बघणे.

मॅनेजरसाहेब म्हणाले, पुढच्या वर्षी जा.

"पुढच्या वर्षी सही करायला तुम्ही असाल का, साहेब?"

* * *

बाईंनीच सांगितलं, घरी लेक म्हणाली, "ममा, हू गोज टू क्यूबा इन अ रिसेशन?"

बाई म्हणाल्या, "तुझी आई."

* * *

रजा मिळाली, पण पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. रजेवर गेलेले तिघे परतलेच नव्हते, म्हणून साहेबांनी नियम काढला : दोन सहकारी जामीन राहिले तरच पासपोर्ट मिळेल. माणूस आला नाही तर जामिनांची नोकरी खलास! सगळ्यांना एकदम महत्त्वाचे फोन आले. मी सही केली. दुसरी सही व्हिसाची कामं बघणाऱ्या मुकादमभाईंची.

"बाई, परत या," ते म्हणाले, "माझं रत्नागिरीचं घर अजून स्लॅबपर्यंतच आलंय."

* * *

परतायच्या दिवशी साहेबांनी बाईंच्या टेबलावर, त्यांचं सामान भरायला, रिकामं खोकं ठेवलं होतं. आठला आम्ही दोघे जामीन लिफ्टकडे बघत उभे. आठ पाचला बाई आल्या, उन्हाने रापलेल्या. पासपोर्ट मुकादमभाईंच्या हातात दिला, खोकं खाली ठेवलं आणि त्यावर पाय टेकून बसल्या.

"तिथे बाल्कन्यांना टेकू लावलेत, आणि खाली माणसं गाताहेत," त्या म्हणाल्या. "इथे चाळीस मजले नवे कोरे, आणि तुमची तोंडं बघा!"

मला इतका आनंद झाला की मी दिवसभर काहीही काम केलं नाही.

* * *

जूनमध्ये साहेब स्वतः पंधरा दिवसांच्या रजेवर गेले. मॅनेजरला जामीन लागत नव्हता. सप्टेंबरपर्यंत त्यांची गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये धूळ खात होती.

त्याच सप्टेंबरात मुकादमभाईंना कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये एक कार्ड सापडलं. पुढे हवानाचा किल्ला, मागे साहेबांचं नाव आणि बाईंचं अक्षर. मार्चमध्ये टाकलेलं, आत्ता पोचलेलं. मुकादमभाईंनी ते रिकाम्या केबिनच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं :

"साहेब, ठरल्या दिवशी परत येतेय. तुम्ही असाल ना?"