तहकूब सभा

अर्जात 'कामाचा अनुभव' असा रकाना होता आणि त्यापुढे वर्षं भरायची जागा. महिने भरायची सोयच नव्हती. महिन्यांचा अनुभव हा मुळी अनुभवच नव्हे, असं त्या बिझनेस स्कूलवाल्यांना वाटत असावं. माझ्याकडे तर नुसते महिनेच होते. बी.कॉम. झाल्यावर मी गावच्या सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज आणि खत देणाऱ्या सहकारी संस्थेत, गटसचिवांची मदतनीस म्हणून चिकटले होते. ते वर्ष दुष्काळाचं. खत न्यायला कुणी येत नव्हतं, कर्जासाठी आलेला माणूस हात हलवत परत जायचा. मी शटर उघडून बसायचे आणि प्रवेश परीक्षेची गणितं सोडवायचे. याला अनुभव म्हणायचं तर म्हणा बापडे.

पण अर्जाला अनुभवाचं पत्र जोडायचं होतं. त्याच्याशिवाय अर्ज कुणी उघडूनही बघणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. शहरातली पोरं मोठमोठ्या कंपन्यांची पत्रं लावणार आणि मी हात चोळत बसणार. मी चेअरमनकडे गेले. ते गावातले जुने बागायतदार, बोलायला गोड, द्यायला जड.

"पत्र देऊ की," ते म्हणाले. "पण तुला कामावर घेताना ठराव कुटं केलता? उद्या ऑडिटरनं इचारलं, ही पोरगी कोण, तर काय सांगू? सर्वसाधारण सभेत ठराव होऊ दे. मग लगेच देतो."

"सभेला कुणी येतं का, नाना?"

"इथं बोलावलं तर न्हाई येत. जुन्या गावात बोलावलं तर येतील."

जुनं गाव म्हणजे धरणात गेलेलं. माझ्या जन्माच्या आधीच ते पाण्याखाली गेलं. मी वाढले ती नव्या गावठाणात, आखलेले रस्ते आणि नंबर टाकलेले प्लॉट यांच्यात. त्या वर्षी पाऊस असा काही रुसला की सप्टेंबर संपत आला तरी धरणाचा तळ दिसत होता, आणि जुन्या गावाच्या वरच्या अंगाचे दगड उघडे पडले होते. त्यांत सोसायटीचा दगडी ओटाही होता. आमची बौद्ध वस्ती मात्र गावाच्या अगदी खालच्या अंगाला, ओढ्याकडे. ती अजून पाण्यातच होती. बुडताना पहिली, निघताना शेवटची.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जुन्या गावाबद्दल चकार शब्द काढत नसत. जे कळलं ते आईकडून. गाव हलवताना लोकांनी दारं नेली, वासे नेले, कौलं नेली, जाती सुद्धा ट्रॉलीत घातली. अण्णांची थोरली बहीण, त्यांची अक्का, तेवढी तिथं राहिली. गाव उठायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली होती, आणि वस्तीमागे ओढ्याच्या काठाला तिला पुरलं होतं. "पुरलेल्या माणसाला कोण प्लॉट देतंय?" आई म्हणाली होती. अण्णांना मोठं तिनेच केलं होतं.

सभेच्या दिवशी गटसचिव दुसऱ्या गावच्या सभेला गेले. सगळ्याच सोसायट्यांच्या सभा महिनाअखेरीस येतात, ते तरी काय करणार. विषय वाचायचं काम माझ्यावर आलं. धरणाच्या काठापर्यंत जीप गेली, पुढे आम्ही चालत निघालो; सभासद म्हणून अण्णाही आले होते. पायाखाली वाळलेला गाळ, त्यात शिंपल्यांचा चुरा. झाडांची काळी खोडं उभी होती आणि एकाही पाखराचा आवाज नव्हता. मला ओटा दिसत होता. मी पिशवी खांद्याला लावून सरळ त्याच्याकडे निघाले.

"ए पोरी!" मागून एक म्हातारे ओरडले. "कुणाच्या घरातून चाललीस?"

मी थबकले. घर कुठे होतं? गुडघ्याएवढेही दगड नव्हते, नुसती एक ओळ होती. मला हसू आलं. मग मी मागे वळून पाहिलं. सगळे माणसामागे माणूस चालत येत होते. जिथे काहीच नव्हतं तिथे वळत होते. एका जागी येताच प्रत्येक जण डावीकडे सरकत होता, तिथे पूर्वी काय होतं देव जाणे. मी मुकाट्याने मागे फिरले आणि त्यांच्या रांगेत शिरले.

कोरम भरला नाही. निम्मं गाव मजुरीला पुण्याकडे गेलेलं, भरणार कुठून? पण त्यावर नियमात सोय आहे. पुरेसे सभासद नसले तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा घ्यायची. त्या सभेला कोरम लागत नाही. जे असतील ते पुरेत. आमच्याकडे दरवर्षी तेच चालतं, आणि तो अर्धा तास लोक चहात घालवतात.

"सभा तहकूब," चेअरमन म्हणाले. मग सवयीने बोलून गेले, "अर्धा तास घरी जाऊन या."

आणि लोक खरंच घरी गेले.

मी ओट्यावरून बघत होते. एकाने दगडांच्या ओळीबाहेर चपला काढल्या आणि मगच आत पाऊल टाकलं. एक जण खांद्यावरचा टॉवेल अंथरून आडवा झाला. मला ओरडणारे म्हातारे एका जागी आले, मान खाली घालून वाकले, आत गेले आणि सरळ झाले. चौकट ठेंगणी असावी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चेअरमन सुद्धा आपल्या जागी जाऊन मांडी घालून बसले. उघड्या उन्हात सगळे लांब लांब बसलेले, आणि तरी प्रत्येक जण आत असल्यासारखा.

अण्णा तेवढे कुठे बसले नाहीत. ते उतरत पाण्यापर्यंत गेले. थांबतील असं मला वाटलं, पण ते तसेच पाण्यात शिरले. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर त्यांनी मान वाकवली, दोन पावलं टाकली आणि वळून आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

अर्धा तास झाला. "सभेला सुरुवात करायची आहे," मी म्हणाले. कुणी उठलं नाही. मी पुन्हा म्हणाले.

"कर सुरू," चेअरमन आपल्या घरातून बोलले. "ऐकू येतंय आमाला."

मी कागद धरून वाचू लागले. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. "मंजूर," एका कोपऱ्यातून आवाज आला. "मंजूर," दुसरीकडून. अहवाल, ताळेबंद, अंदाजपत्रक. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण प्रत्येक शब्द कानाशी बोलल्यासारखा यायचा. मी सभेपुढे वाचत नव्हते, गावापुढे वाचत होते, आणि ते गाव तिथे नव्हतं. मला फक्त माझा ठराव हवा होता आणि तिथून निघायचं होतं.

ऐनवेळचा विषय चेअरमननीच मांडला. "या पोरीनं सोसायटीत काम केलं, तिला अनुभवाचं पत्र द्यायचं. सूचक कोण?"

कुणी बोललं नाही. मग पाण्यातून आवाज आला, "सूचक मी."

अण्णा होते. त्यांनी आजवर एकाही सभेत तोंड उघडलं नव्हतं. मी शिकायला लांब जाणार म्हटल्यावरही ते ना हो म्हणाले होते, ना नको.

"अनुमोदक?"

पुन्हा तीच शांतता. विरोध कुणाचाच नव्हता. वस्तीतल्या माणसाच्या ठरावाला आधी दुसऱ्या कुणी हात लावावा, मग आपण बोलू, एवढंच प्रत्येकाच्या मनात. कौलं आणि वाशांबरोबर ही सवयही ट्रॉलीत भरून आली होती नव्या गावात. मला राग आला, असा की कागद फाडून टाकावा. मी अण्णांकडे पाहिलं. ते पाण्यावर वाकले होते, पायात काही रुतल्यासारखे.

"माजं अनुमोदन हाय."

बाईचा आवाज. तरुण, थोडा घोगरा, पाण्याच्या बाजूने आलेला. त्या सबंध धरणात माझ्याशिवाय दुसरी बाई नव्हती.

"झालं," चेअरमन घाईने म्हणाले. "मंजूर. लिव."

"अनुमोदक म्हणून कुणाचं नाव लिहू?"

"आवाज आला ना? मग सर्वानुमते लिव आन् चल."

सगळे उठले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. परतताना मात्र कुणी गल्ल्यांनी गेलं नाही, सगळे सरळ दगड तुडवत जीपकडे सुटले.

पत्र मिळालं, अर्ज गेला, परीक्षा झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. समोर तिघं होते. त्यातल्या एका सरांनी माझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. अनुभवाच्या पत्रावर सर्वसाधारण सभेचा ठराव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"सभेला कोरम होता का?"

"नव्हता, सर. तहकूब करून अर्ध्या तासाने घेतली."

"म्हणजे फारसं कुणी नव्हतं."

"नाही सर, सगळे होते."

"कोरम नव्हता आणि सगळे होते?"

"हो," मी म्हणाले. शेजारच्या मॅडमनी लिहिता लिहिता वर पाहिलं.

"तुमचा अनुभव फारच कमी आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं नोकरी करून का येत नाही?"

"तोवर पाणी आलेलं असेल, मॅडम." काय बोलून गेले ते माझं मलाच कळलं नाही.

मे महिन्यात निकाल लागला. माझा नंबर लागला होता. आई रडली. अण्णांनी नुसती टोपी घातली आणि म्हणाले, "चल."

धरण आणखी आटलं होतं, वस्ती वर आली होती. अण्णा पुढे आणि त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवून मी मागे, कुणाच्या घरातून न जाता. एका जागी ते थांबले, चपला काढल्या, वाकून आत गेले. मीही वाकले. पलीकडे ओढ्याच्या काठाला भेगाळलेला गाळ होता, बाकी काही नव्हतं.

"पोरीचा नंबर लागला," अण्णा त्या गाळाकडे बघून म्हणाले.

मग इतके महिने दाबून ठेवलेलं मी विचारलं, "अण्णा, त्या दिवशी अनुमोदन आलं, ते तुमी ऐकलतं का?"

"ऐकायचं काय त्यात?" अण्णा म्हणाले. "कुणी बोलंना. तू तिकडं ओट्यावर कागद धरून एकलीच हुबी. मंग मीच म्हणलो तिला, अक्का, तू तरी बोल."