दाव्याचं उदाहरण

रसायनशास्त्र शिकवून शिकवून मी इतका कंटाळलो होतो की अलीकडे तास आपोआप तोंडून वाहायचा. बंध-ऊर्जेचा धडा आला की उदाहरण ठरलेलं. साताऱ्यात नवा नवा लागलो, तेव्हा मागच्या बाकावरची पोरं जागी राहावीत म्हणून ते सुचलं होतं. बंध म्हणजे दावं. दावं तुटलं की बैल उधळतो, तशी बंध तुटला की ऊर्जा उधळते. पोरं शेतकऱ्यांची, हसायची, त्यांना लगेच पटायचं. पुढं बदली होऊन सांगलीला, विश्रामबागेतल्या कॉलेजात आलो, तरी बैल तोच.

खरं तर उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. ती बाहेर पडते नवे बंध जुळताना. घरचा गॅस पेटवायला आधी ठिणगी लागते ती याचसाठी. तोडण्यात गेली त्यापेक्षा जुळण्यातून जास्त मिळाली, की भांडं तापतं. हेही मी सांगायचो, पण घंटा होता होता, फळ्याकडे तोंड करून. मुलांच्या लक्षात राहायचा तो बैल.

गेल्या उन्हाळ्यात निकालानंतर जतकडची एक मुलगी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आली. बारावीला तिचा एवढाच विषय राहिला होता. घरी मेंढरं आणि कोरडवाहू जमिनीचा तुकडा. फेरपरीक्षेत विषय सुटला नाही तर नर्सिंगचं राहणार आणि पुन्हा मेंढरांमागं जावं लागणार, हे तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. "कुठं चुकलं तेवढं दावा, सर," म्हणाली.

माझी पाठ दुखत होती, घरी जायचं होतं. कशीबशी पानं उलटत गेलो आणि ऊर्जाबदलाच्या प्रश्नाशी थांबलो. 'बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते,' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. पुढचं गणितही त्याच हिशेबानं केलेलं. एकही आकडा चुकला नव्हता, फक्त चिन्हं सगळी उलटी. मला भयंकर लाज वाटली. अशी किती पोरं माझ्या बैलामागं गेली असतील, कोण जाणे.

तिला बसायला सांगितलं आणि सगळं नीट समजावलं. चूक तुझी नाही, माझ्या उदाहरणाची आहे, हेही म्हणालो. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यापुढं असं कधी बोललो नव्हतो. ती रागावली नाही. कागदावरच्या उलट्या चिन्हांवर बोट ठेवून म्हणाली,

"व्हय सर. दावं तोडायला आमचा खोंड लय झटतो. मान सोलून निघती त्येची. तुटलं तरी लांब जात न्हाई, दमल्याला असतो."

"हे तुला माहीत होतं?"

"रोज बघतो की आमी."

"मग पेपरात उलटं का लिहिलंस?"

"तुमी शिकवलं हुतं न्हवं," ती म्हणाली. "मला वाटलं, आमचंच बघण्यात चुकत आसंल."