गॅस बंद केलास का

नवरा, लक्ष्मीकांत गेल्यावर त्याला शेवटचं कोकणात पोचवून वासंती कुवेतला परतली आणि लगेच ड्युटीवर रुजू झाली. दवाखान्यातल्या बरोबरच्या नर्सेसनी, ती आता रडेल म्हणून, खुर्ची पुढे केली. ती खुर्चीवर बसली आणि चहा प्यायली. दात काढताना सुई दिली की गाल जसा आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. पुढे महिने गेले तरी ती सुई उतरली नाही.

शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी इंग्लंडमधून, लीड्सहून लेकाचा, वेदांतचा मेसेज आला. शिक्षण संपल्यावर नोकरी न धरता तो मित्रांबरोबर एक भुताचा सिनेमा करत होता. पैसे नव्हतेच, म्हणून कोणाच्या तरी मावशीच्या शेतघरात शूटिंग उरकलं होतं. ‘आई, बघ आणि फोन कर. त्यात बाबांचा आवाज आहे. तू नको म्हणालीस तर काढून टाकीन.’

समोरच्या फ्लॅटमधली स्वप्ना वडे घेऊन आली होती, तीही बघायला बसली.

“वहिनी, हे भूत आहे की भाडेकरू? नुसतं जिन्यावरून ये-जा करतंय.”

“बघ तरी.”

“आणि हे एवढं रक्त?”

“बिटाचं आहे. डाग कशाने जातात ते विचारायला फोन केला होता त्याने.”

मग पडद्यावर अंधार झाला. एक गोरी मुलगी भिंतीला कान लावून उभी राहिली आणि भिंतीतून आवाज आला, “गॅस बंद केलास का? कडी लाव.”

स्वप्नाच्या हातातला वडा हातातच राहिला.

लक्ष्मीकांत कुवेतमधल्याच मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत सेफ्टीला होता. घरातून निघताना सिलिंडरचं बटण तो स्वतः बघायचा आणि लेक परदेशी गेल्यावर रोज फोनवर व्हॉइस मेसेज करून तेवढंच विचारायचा. वासंतीलाही पाठवायचा. फोन भरला की ती ते पुसून टाकायची. गॅस आणि कडी, त्यात ठेवण्यासारखं काय होतं? आता तिच्याकडे त्याचा आवाज कुठेच नव्हता.

तिने वेदांतला फोन लावला.

“राग आला तुला?”

“नाही. लोक घाबरले का?”

“इथे थोड्या लोकांना दाखवला, तर एक बाई उठून बाहेर गेली, आई. मराठी कुठे कळतंय त्यांना, वाटतं काहीतरी शाप देतोय.”

“ह्यांना घाबरून?” वासंती म्हणाली. “हाताखालची पोरंसुद्धा कधी घाबरली नाहीत ह्यांना.”

तो थोडा हसला. “मग ठेवू ना? हे कच्चं आहे. आवाज अजून जाड करणार आहोत, विहिरीतून आल्यासारखा.”

“जाड करू नकोस.”

“आई, मग भूत वाटणार नाही.”

“नको वाटू दे. आहे तसा ठेव, नाहीतर काढून टाक.”

“मित्रांशी बोलावं लागेल.”

“बोल.”

“नाही. राहू दे. आहे तसाच ठेवतो.”

स्वप्ना ताटली न घेताच घरी गेली. वासंतीने सिनेमा मागे नेला. मुलीने पुन्हा भिंतीला कान लावला.

“गॅस बंद केलास का?”

वासंती उठली. लक्ष्मीकांत गेल्यापासून सिलिंडरचं बटण चालूच राहत होतं, बंद करायचं तिच्या ध्यानातही येत नव्हतं. ओट्याखाली वाकून तिने ते फिरवलं.

“केला,” ती म्हणाली.

हॉलमध्ये ती गोरी मुलगी किंचाळत होती. वासंती दाराची कडी लावायला गेली.