शिपाई कच्चे नव्हते

मॅडमनी सॅनिटायझरची बाटली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. सगळ्यांसमोर. मग विचारलं, "तू घाटकोपरला डोंगरावर राहतेस ना गं? तिथे ओल असते?"

मी म्हटलं, असते.

"कपडे घरातच वाळत घालता?"

हो.

"राग मानू नकोस. पण बुरशी अशीच येते. घरून. तुझा दोष नाही गं, तुमची राहणीच तशी असते."

कोणी हसलं नाही. हसले असते तर निदान चिडता आलं असतं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. ऋचा, माझ्या बरोबरीने काम करणारी, तिने खुर्ची जराशी पलीकडे घेतली. मॅडम शेवटी म्हणाल्या, "काही दिवस तू आत जाऊ नकोस. बाहेरचं बघ."

जातीचं नाव निघालं नाही. काढायची गरजच नव्हती. आत आणि बाहेर हे दोन शब्द आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या ओळखीचे आहेत.

आत म्हणजे पेशींची खोली. अंधेरीला, एमआयडीसीतल्या एका इमारतीत आमची प्रयोगशाळा आहे, मॅडम तिच्या प्रमुख. कॅन्सरच्या रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढतात. शरीरात पहारा देणाऱ्या पेशी. कॅन्सर त्यांना चुकवून जातो, म्हणून आम्ही त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवतो, ऊबदार कपाटात वाढवतो, आणि मग डॉक्टर त्या परत त्याच माणसाच्या अंगात सोडतात. ट्रायल चालू होती. बाटली सरकवली त्या दिवशी त्या कपाटातल्या सगळ्या पिशव्यांत काळी बुरशी धरली होती. त्या पेशी परबकाकांच्या होत्या.

परबकाका मुलुंडचे. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून संसार केलेला माणूस. मी इस्पितळात त्यांचं रक्त आणायला गेले तेव्हा त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून ते आपल्या पेशींना शिपाई म्हणायचे. भेटले की पहिला प्रश्न, "माझे शिपाय कशे आसत गो बाय?" मी म्हणायचे, मस्त वाढतायत काका. आणि खरंच वाढत होते.

त्यांना काय सांगायचं हे मॅडमनी ठरवलं. "पेशी मुळात कमकुवत निघाल्या असं सांग. उगाच घाबरवू नकोस त्यांना." मी सांगितलं. माझ्याच तोंडाने.  काका मलाच धीर द्यायला लागले. "माझेच शिपाय कच्चे निगाले. तुझो काय दोष?"

मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मला वाटत होतं, दोष माझाच. मॅडम म्हणाल्या तसा. मी बुरशी नेली. माझ्या केसांतून, कपड्यांतून, माझ्या भिंतींतून. पीएचडी झालेली बाई मी, पण एक बाटली सरकवली आणि मी ते खरं मानलं. इतकं सोपं असतं ते. आधी शंभर वेळा ऐकलेलं असतं ना.

घरी आले आणि सगळा राग आईवर काढला. आई अंगणवाडीत मदतनीस आहे, तिथल्या पोरांचे हात धुऊन देण्यात तिचा जन्म गेला. तिला मी स्वच्छता शिकवू लागले. लोणच्याची बरणी फेकायला लावली. गोधड्या उकळायला लावल्या. भिंत व्हिनेगरने घासायला लावली. ती घासायची आणि मी मागे उभी राहून दाखवायचे, तिथे राहिलंय, तिथे बघ.

एक दिवस सकाळी निघाले तर डबा ओट्यावर होता, पिशवीबाहेर. रोज आई तो पिशवीत भरून ठेवते. मी विचारलं, डबा भरला नाहीस? ती म्हणाली, "तुझ्या पिशवीला हात नाही लावला मी. तूच भर."

तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. मी माझ्या आईला बाहेर बसवलं होतं. आमच्याच घरात. जे त्यांनी माझ्याशी केलं, तेच मी तिच्याशी केलं, आणि त्यांच्यापेक्षा चोख केलं. मला आईचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. डबा भरला आणि निघाले.

पण मग डोक्यात बसलं की नुसतं वाटून काय उपयोग, बघू तरी नेमकं कशातून गेलं. गुन्हा माझाच आहे हे सिद्ध करायला मी निघाले होते, हे खोटं नाही सांगत. कापसाचे बोळे फिरवले. माझे हात, केस, पिशवी, डबा, घरची भिंत. सगळं खाद्य घातलेल्या काचेच्या बश्यांवर ठेवून वाढवलं. आणि निव्वळ सवय म्हणून, त्या ऊबदार कपाटाच्या टपावरूनही एक बोळा फिरवला. तेव्हा ते कपाट दुरुस्तीला म्हणून बाहेर काढलेलं होतं. टपावर मागच्या कडेला झेंडूच्या वाळक्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

घरच्या बश्यांवर बुरशी आली. येणारच, कोणाच्या घरी नसते? हिरवी आली, पांढरी आली. काळी आली नाही. काळी एकाच बशीवर आली, झेंडूच्या. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या शेजारी काकांच्या पिशवीतली ठेवली. दोन्हींत फरक नव्हता.

मग आठवलं. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मॅडमनी मला आदल्या दिवशीच म्हटलं होतं, "तुमच्यात करत नाहीत ना? मग तू सुट्टी घे." मी घेतली. दसऱ्याला पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात गेले. परत आले तर कपाटाच्या दारावर कुंकवाचं बोट होतं. मी ते स्पिरिटने पुसलं आणि गप्प राहिले. हिने कुंकू पुसलं, असं व्हायला नको. काकांच्या पेशींपेक्षा मला त्या बोलण्याची भीती मोठी वाटली. हे माझ्या मनातून जात नाही.

मॅडमच्या टेबलावर दोन्ही बश्या ठेवल्या. ऋचाचा चेहरा उतरला. म्हणाली, "मॅडम, आपण हारावर स्पिरिट मारलं होतं ना, आत नेण्याआधी?" स्पिरिटने बुरशीचं बी मरत नाही, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. पण हार देवाचा होता. देवाच्या हाराला कोण बोलणार?

मॅडमनी दोन्ही बश्या माझ्याकडे परत सरकवल्या. म्हणाल्या, "झालं ते झालं. आता उकरून कोणाचं भलं होणार? तू उद्यापासून आत जा."

बस. इतकंच. मी आत गेले की प्रश्न मिटला.

तोवर काकांना ताप चढला होता, पुन्हा पेशी काढता आल्या नाहीत. मी मुलुंडला गेले तेव्हा त्यांच्या फोटोला हार होता. काकूंना मी सगळं सांगितलं. त्यांचे शिपाई कच्चे नव्हते, चांगले जोमदार होते, आम्ही मारले. काकू रडल्या नाहीत. पदराने फोटोची काच पुसली आणि म्हणाल्या, "ह्या तेंका सांगूक होया होता. माका सांगून काय?"

 काका स्वतःलाच दोषी धरून गेले. जसं मी स्वतःला धरलं होतं. आमच्यासारख्यांच्या गळ्यात दोष अडकवणं फार सोपं, आम्ही तो हारासारखा घालून फिरतो.

ट्रायलवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे मी दोन्ही बश्या नेल्या. बोलले. कुंकवाचं बोट पुसून गप्प राहिले, तेही बोलले. चौकशी चालू आहे. माझ्याबरोबर आता कोणी डबा खात नाही. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. घरी आईला म्हटलं, पिशवी तूच भर. ती म्हणाली, "आता भरीन. पण पुन्हा मला असं धुवायला लावू नकोस." मी मान खाली घातली.

यंदा खंडेनवमीला मी रजा घेतली नाही. पेशींच्या खोलीच्या दारात उभी राहिले. मॅडम तबक घेऊन आल्या, तबकात हार. म्हणाल्या, "बाजूला हो. तुमच्यात नसेल, आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "फुलं बाहेर, मॅडम. आत माणसं आहेत."

त्या थांबल्या. मी हलले नाही. पुढच्या वर्षीही हलणार नाही, मला काढलं तर रस्त्यावर उभी राहून हेच सांगेन. बोलायला मला उशीर झाला, तो दोष माझा. तो मी ठेवून घेते. बाकीचा ज्याचा त्याने घ्यावा.