शेवटचा अंक पुसला तरी

“फळ्यावर झ्याक लिवती, पन तोंडानं आकडा सांगंल तर शपथ.”

विहाराच्या दारात चपला काढताना मावशींचं हे बोलणं माझ्या कानावर पडलं. कार्ल्याच्या या विहारात दर रविवारी मुलांची गणिताची शिकवणी असते. तिचं सगळं मावशी आणि आबा बघतात. आबा म्हणाले, “आज बघू. न्हाई जमलं तर कामशेतच्या सरांना सांगू.”

मला हा वर्ग सोडायचा नव्हता. लोणावळ्यात मी कुणाशी फारसं बोलत नाही. इथे बोलावंसं वाटतं. पण इथली रीत अशी, की शिकवणाऱ्याने आकडा तोंडाने सांगायचा आणि मुलांनी तो पाटीवर उतरवायचा. माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झालेली.

मागच्या रविवारी मी माझी लाडकी संख्या नेली होती: ७,३९,३९,१३३. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही. तिचा शेवटचा अंक पुसला, तरी उरते तीही मूळच. पुन्हा पुसा, पुन्हा मूळ. पुसत पुसत ७३९, मग ७३, शेवटी ७. असा गुण असलेली याहून मोठी संख्याच नाही.

सांगताना मात्र डोक्यात आधी थर्टी-नाइन आलं, थर्टीचं तीस झालं, आणि मी दोन्ही ठिकाणी ‘एकोणतीस’ म्हणाले. मुलं मन लावून पुसत गेली. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “ताई, हितं बहात्तर उरलं. ह्ये तर दोननं जातंय.”

“तीननं बी जातंय,” मागून कुणीतरी म्हणालं.

“ताईचं मूळच उपटलं.”

सगळे हसले. मी फळ्याकडे वळले आणि संख्या लिहून टाकली. मावशींनी नेमकं तेच पाहिलं होतं.

आठवडाभर मी आकडे म्हणत राहिले. हायवेवर बसची वाट बघताना मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचल्या, ओठांतल्या ओठांत, मराठीत. एकोणसाठ. एकोणसत्तर. एकोणऐंशी. पुढच्या दशकाला एक कमी, हे कळत होतं. जिभेला पटत नव्हतं. चुकले की पुढची गाडी.

चपला कडेला ठेवून मी आत गेले. मावशी सतरंजीच्या कडेला येऊन बसल्या, आबा खांबाला टेकून उभे राहिले. मी खडू लांब खिडकीत ठेवून दिला, हात तिकडे जायला नको म्हणून.

“ताई, आज बी बहात्तर निघालं तर?” तीच पुढच्या रांगेतली.

मी तिच्याकडे पाहिलं, मग मावशींकडे.

“पाट्या पुसा,” मी म्हणाले. “लिहा. सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस.”