उजव्या हाताला जमेल असा लॅपटॉप

ऑफिसात तिला सगळे ‘मशीन’ म्हणतात. मालवाहतूक कंपनीत ती पावत्यांवरचे आकडे कॉम्प्युटरवर चढवते: गाडीचा नंबर, वजन, भाडं. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा वेगळा चौकोन असतो, नंबर पॅड. तिचा उजवा हात त्यावर आपोआप फिरतो, खाली बघावं लागत नाही. घर याच हातावर चालतं. नवरा बस चालवायचा. किडन्या गेल्या आणि त्यांच्या मागोमाग नोकरी गेली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि दर वेळी तिची रजा.

शेवटी साहेब म्हणाले, “बाई, मी तरी किती सांभाळून घेऊ? पावत्यांचे फोटो पाठवतो, तिथे डायलिसिसला बसून करा. महिनाभर बघू. पण आजच्या पावत्या आजच चढल्या पाहिजेत. नाही जमलं तर दुसरं माणूस बघावं लागेल.”

लॅपटॉप मात्र तिचा तिनं आणायचा होता.

दुकानदारानं आधी बजेट विचारलं. तिनं सांगितलं.

“बरं,” तो म्हणाला, “म्हणजे ही वरची फळी सोडून द्या. तिकडे बघूसुद्धा नका, उगाच त्रास होतो.”

टॅब सगळ्यात स्वस्त होता, पण कंपनीचा प्रोग्रॅम त्याच्यावर उघडेना. मग त्यानं कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला एक मोठा लॅपटॉप पुढे ठेवला. पडदा ऐसपैस, नंबर पॅड जागच्या जागी. तिची बोटं लगेच धावू लागली.

“बॅटरी?”

“खरं सांगू? नावाला आहे. प्लग लावूनच वापरायचा.”

डायलिसिसच्या खोलीतले सगळे प्लग मशीनसाठी राखलेले. फोन चार्ज करायला गेलेल्या एका नातेवाइकाला नर्सनं सगळ्यांसमोर झापलं होतं. तरीही तिनं तो उचलून पाहिला. एका हातात पेलेना. औषधांची पिशवी, शाल आणि थर्मास एका हातात जातात. दुसरा मोकळा लागतो, कारण परतताना नवऱ्याला चक्कर येते.

तिसरा लॅपटॉप नवा, लहान आणि हलका. बॅटरी दुपारभर पुरणारी. मात्र नंबर पॅड नाही. आकडे वरच्या एका रांगेत. तिनं एक पावती टाइप करायला घेतली. हात सवयीनं उजवीकडे गेला आणि काउंटरच्या काचेवर टकटक करू लागला.

स्टुलावर बसलेला नवरा म्हणाला, “अगं, काचेत बटणं नाहीत.”

“माहितीये हो.” पुढच्या पावतीला हात पुन्हा काचेवरच गेला.

दुकानदारानं ड्रॉवरमधून वायरवाला सुटा नंबर पॅड काढला. “हा घ्या, पंधरा टक्के सोडतो. ठेवायला जागा मात्र तुम्ही शोधा.”

तिनं दोन्ही घेतलं. जागा खरंच नव्हती. पहिल्या दिवशी डायलिसिसच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर मावला, पॅड खाली पडला. खुर्चीच्या हातावर ठेवला, तिथूनही घसरला. पलंगाच्या कडेला ठेवला तर गादीत रुतला. घड्याळ पुढे चाललं होतं.

“माझ्या मांडीवर ठेव,” नवरा म्हणाला. “पडून राहण्याशिवाय मला काय काम आहे?”

चादरीवर पॅड नीट बसला. हात भरभर चालू लागला.

“अहो, पाय हलवू नका. शून्य दोनदा पडलं.”

“भाडं दसपट झालं ना? मालक खूश होईल.”

तासाभरानं त्याच्या पायात गोळा आला. पाय ताडकन आखडला, पॅड उडाला आणि तो ओरडला. नर्स धावत आली, तिनं मशीनवर काहीतरी कमी-जास्त केलं. बायको पोटरी चोळत राहिली. पडद्यावर अर्धी पावती तशीच उघडी होती. गोळा सुटायला बराच वेळ लागला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“किती राहिल्या?” त्यानं विचारलं.

“राहू देत. सांगते साहेबांना.”

“काय सांगशील? नवऱ्याच्या पायात गोळा आला म्हणून?”

तिनं खाली पडलेला पॅड उचलला.

“दुसऱ्या पायावर ठेव.”

तिनं खुर्ची पुढे ओढली आणि वायर ताणून पाहिली. पोहोचली, अगदी जेमतेम. डायलिसिस संपायच्या आत शेवटची पावती चढली. साहेबांचा मेसेज आला: “ठीक. परवाही असंच करा.”