मंदाकिनीताईंचा बोलका कॉम्प्युटर

रायपूरच्या गुढियारीतल्या आमच्या गल्लीत सकाळी सातच्या सुमारास एका खिडकीतून बातम्या ऐकू येतात. त्या रेडिओच्या नसतात. मंदाकिनीताई खोब्रागडे स्वतःच्या तोंडाने सांगत असतात. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाशी कॉम्प्युटरचा स्पीकर, आणि फोनच्या पलीकडे चार-पाच बाया. कोणी तिल्द्याची, कोणी दुर्गची, कोणी अभनपूरची. एकीलाही दिसत नाही, आणि बहुतेकींकडे बटनांचे साधे फोन. ताई इंटरनेटवर मराठी-हिंदी पेपर ऐकतात आणि त्यातलं निवडून त्यांना सांगतात. धानाची खरेदी कधी सुरू होणार, कुठली गाडी रद्द झाली, नागपुरात पाऊस किती झाला. दोन बायांचं माहेर विदर्भातलं, म्हणून नागपूरचा पाऊस रोज लागतो.

ताईंना स्वतःलाही दिसत नाही. तुमसरकडून वडील रेल्वेत नोकरीला म्हणून रायपूरला आले, आणि इथल्या शाळेत असताना एका तापानंतर ताईंची नजर गेली. पुढे एका सरकारी ऑफिसात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ऑफिसनेच त्यांना एका शिबिराला पाठवलं, आणि तिथे त्या कॉम्प्युटर शिकल्या. पडद्यावर लिहिलेलं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला रीडर म्हणतात. बाण दाबत गेलं की ते ओळ वाचतं, बटन दाबलं की अक्षराचं नाव घेतं. त्याचा आवाज सपाट आणि नाकातला. ताईंनी त्याचा वेग इतका वाढवून ठेवलाय, की आपल्याला नुसतं पत्र्यावर चणे सांडल्यासारखं ऐकू येतं.

"हा पोट्टा श्वास तरी घेते का नाही?" असं त्यांचे यजमान भैय्यालालभाऊ विचारायचे. भाऊ रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. कॉम्प्युटरला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. काही बिघडलं तर मंदाचं जग बंद पडेल, ही त्यांना धास्ती.

आणि गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ती वेळ खरंच आल्यासारखी झाली. कॉम्प्युटर सुरू केला की बातम्यांच्या आधी तो एक सूचना वाचायला लागला. तुमच्या जुन्या विंडोजला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, नवीन घ्या. ताईंनी दोन-चार दिवस ती ऐकून सोडून दिली. मग एकदा धीर करून पुढे गेल्या, तर उत्तर आलं की हा कॉम्प्युटर नव्या विंडोजसाठी योग्य नाही.

समता कॉलनीतल्या एका दुकानात भाऊंनी विचारून पाहिलं. दुकानदार भला माणूस होता, त्याने कॉम्प्युटरचं मॉडेल विचारलं आणि म्हणाला, "अंकल, जुना झाला. नया ले लो, टेन्शन खतम." भाऊंनी घरी येऊन तेच सांगितलं.

"नवीन घेतला तर काय होते?" भाऊंनी विचारलं.

"तुमाले काय सांगू," ताई म्हणाल्या. "याच्यात कुठं काय हाये ते माझ्या बोटाले माहीत हाये. कोण्या दुकानातला पोट्टा येईन, सगळं लावून देईन, अन् आवाजच लावाचा राहून जाईन. मंग मी त्याच्या समोर बसून काय करू? अन् याच्यात काय खराबी हाये? रोज तर बोलून राहिला."

त्यांची मुलगी दीक्षा बंगळुरूला नोकरी करते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. तिने फोनवर ताईंकडून ती सूचना पुन्हा शब्दन् शब्द वाचून घेतली आणि म्हणाली, "मम्मी, मशीन इतनी पुरानी नहीं है। अंदर एक सिक्योरिटी वाली चीज़ होती है, शायद वो बंद पड़ी है। उसको चालू करना पड़ेगा। लेकिन वो जो सेटिंग है ना, वो विंडोज शुरू होने से पहले वाली स्क्रीन में है। वहाँ आपका रीडर नहीं बोलेगा।"

"म्हंजे मुका?"

"हाँ मम्मी। एकदम मुका।"

दिवाळीला दीक्षा येणार होती, तेव्हा करू, असं ती म्हणाली. पण ताईंच्या मनात त्या रोजच्या सूचनेने घर केलं होतं. फसवणुकीच्या बातम्या ताई स्वतःच तर फोनवर बायांना सांगत. आपलीच बँक, आपलीच पेन्शन याच कॉम्प्युटरवर, आणि त्याचं दार उघडं, या विचाराने त्यांना चैन पडेना. रात्री कूस बदलत राहायच्या, सकाळी बातम्या सांगताना अडखळायच्या. शेवटी एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी भाऊंना शेजारी बसवलं.

हे सगळं मला नंतर दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांना मधेच थांबवत. मी तेव्हा गोंदियाला आईकडे गेले होते.

आधी त्यांनी दीक्षाला व्हिडिओ कॉल लावला आणि भाऊंनी फोन पडद्यासमोर धरला. दीक्षा म्हणाली, "पापा, कुछ नहीं दिख रहा, सिर्फ चमक रहा है। थोड़ा तिरछा करो।" तिरका केला, मागे नेला, खिडकीचा पडदा ओढला, तरी चमकच. शेवटी ताईंनीच तो कॉल बंद करायला लावला.

"राहू द्या. तुम्ही वाचा, मी सांगते."

"मले इंग्रजी कुठं येते मंदा?"

"अक्षरं येतात ना? कारखान्यात वॅगनीवरचं कसं वाचत होते?"

वॅगनवर मोठी इंग्रजी अक्षरं आणि आकडे रंगवलेले असतात, ते भाऊंनी उभी नोकरीभर वाचलेले. त्यांनी चष्मा पुसला. ताईंनी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला आणि दीक्षाने सांगितलेलं बटन भराभर दाबत राहिल्या. स्पीकरमधून काहीही आलं नाही. भाऊ म्हणाले, "निळं निळं आलं. पाटीच पाटी हाये."

मग सुरू झालं वाचन. भाऊ एकेक अक्षर सांगत, ताई मनात जोडत आणि बाणाची बटनं दाबत. "बी, डबल ओ, टी."

"बूट. ते नाही. पुढं."

"एस, ई, सी, यू, आर..."

"सिक्युरिटी! थांबा थांबा, तिथंच थांबा."

आत गेल्यावर अजून ओळी. एका ओळीवर निवडीची रंगीत पट्टी गेली, की पुढचं नाव सांगायचं राहूनच जाई, कारण भाऊ घाबरून पडद्याला बोट लावून बसत. एकदा चुकून भलत्याच पाटीत शिरले. ताईंनी घाई केली नाही. काही बदललं नसेल तर काही बिघडत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. एस्केप दाबून त्या परत पहिल्या जागी आल्या आणि पुन्हा निघाल्या.

शेवटी भाऊ म्हणाले, "हे पाह्य. पहिलं मोठं नाव हाये, त्याच्यापुढं लिहिलं डी, आय, एस, ए, बी, एल, ई, डी."

ताई हसल्या. "डिसेबल्ड. हा शब्द मले पाठ हाये. माझ्या प्रत्येक सर्टिफिकेटवर हाये तो." आणि मग म्हणाल्या, "एंटर दाबते. आता खाली दुसरा शब्द आला का? ई पासून?"

"आला. ई, एन, ए..."

"बस. झालं."

तो शब्द निवडून, केलेला बदल राखून त्या बाहेर पडल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, ओळखीचा आवाज बोलला, आणि तपासणी पुन्हा लावल्यावर त्यानेच वाचलं की हा कॉम्प्युटर नव्या विंडोजसाठी योग्य आहे. भाऊ म्हणाले, "असं कसं? आधी नाही म्हणत होता ना?" ताईंनी त्यांच्या पाठीवर एक थाप मारली.

खरी लढाई संपली असं दोघांना वाटलं. ताईंनी आधीच फोटो, गाणी, बायांचे फोन नंबर वगैरे सगळं एका पेनड्राइव्हवर काढून ठेवलं होतं. नवी विंडोज उतरवायला लावली. ती उतरल्यावर कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आणि पडद्यावर गोल फिरणारे ठिपके आले. या वेळात आवाज नसतो, हे ताईंना माहीत होतं. भाऊ अधूनमधून आकडा सांगत. तीस टक्के. एकेचाळीस. त्यांना स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी फडकं घेतलं आणि टेबल पुसलं, मग सीपीयूची मागची बाजू पुसली. ताई सोफ्यावर जपमाळ ओढावी तशी ओढणीचं टोक बोटांतून ओढत बसल्या होत्या.

"शंभर," भाऊ म्हणाले. "फोटो आला. झाडं हायेत, तळं हाये. मस्त हाये."

ताई उठून खुर्चीवर बसल्या. पिन टाकला. भाऊ म्हणाले, आत गेला. पण आवाज नाही. त्यांनी रीडर सुरू करायची बटनं दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. विंडोजचा स्वतःचा एक रीडर असतो, त्याची बटनं दाबली. तोही नाही.

"मंदा, पडद्यावर तर सगळं दिसून राहिलं," भाऊ म्हणाले.

"तुमाले दिसून राहिलं," ताई म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

भाऊंनी मला सांगताना इथे आवाज खाली केला. ते म्हणाले, तिला इतक्या वर्षांत असं बसलेलं मी एकदाच पाहिलं, तिची आई गेली तेव्हा. आपणच त्या निळ्या पाटीत काहीतरी भलतं दाबायला लावलं, असं त्यांना वाटत होतं. ताईंना वाटत होतं, आपण उगाच घाई केली, दुकानदाराचं ऐकायला हवं होतं. दोघंही एकमेकांना ते बोलले नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला. अभनपूरहून शेवंता वासनिक, रोज बातम्या ऐकणाऱ्या बायांतली. शेवंता ताईंच्याच शिबिरात शिकलेली, तिच्याकडे एक जुना लॅपटॉप, आणि ती ताईंच्या निकालाची वाट पाहत थांबलेली. ताईंचं झालं, तर ती करणार होती.

"काय झालं दीदी? झालं का?"

"झालं. पण मुका झाला गं."

"म्हंजे रीडर गेला?"

"कोणाचाच आवाज नाही. ना त्याचा, ना विंडोजचा."

शेवंता म्हणाली, "कोणाचाच नाही म्हणता? मंग रीडर काहून गेला म्हणता तुम्ही? दोघं दोघं एकदम कसे मुके होतीन? हेडफोन हाये का घरी?"

होता. दीक्षा मागच्या वेळी विसरून गेलेला. भाऊंनी ड्रॉवरमधून काढला, ताईंनी तो सीपीयूच्या पुढच्या भोकात लावला आणि कानाला धरला. आणि हेडफोनमधून दोन आवाज एकदम बोलायला लागले. रीडरचा सपाट आवाज आणि विंडोजचा नवीन, गोड आवाज, दोघंही एकाच वेळी, एकमेकांवर चढून. ताईंनी इतक्या वेळा बटनं दाबली होती, की दोघंही जागे झाले होते.

"बोलून राहिला!" ताई ओरडल्या. "शेवंता, बोलून राहिला गं! दोघं दोघं बोलून राहिले!"

फोनमध्ये शेवंता हसत होती. भाऊ मात्र हसत नव्हते. ते हळूच टेबलामागे वाकले, आणि बराच वेळ तिथेच राहिले. स्पीकरची वायर पुसताना निघून आली होती, आणि त्यांनी ती गुपचूप परत खोचली होती. शेजारच्या भोकात. माइकच्या. दोन्ही भोकं एकसारखी, रंग तेवढा वेगळा, आणि धुळीत तो कुठे दिसतो.

"मंदा," ते खालूनच म्हणाले. "माह्याच हातून झालं."

वायर हिरव्या भोकात गेली आणि हेडफोन निघाला, तशी सगळी खोली आवाजाने भरली. ताईंनी एकाला गप्प केलं. मग त्या नुसत्या हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाऊंनी चहा टाकला. साखर दुप्पट पडली, पण दोघांनीही तो तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्या वेळेवर झाल्या. पहिली बातमी म्हणून ताईंनी बायांना सांगितलं, की आमच्या घरी काल आवाज गेला होता आणि शेवंतानं परत आणला. तिल्द्याची बाई म्हणाली, मग आज नागपूरचा पाऊस राहू द्या, हेच पूर्ण सांगा. ताईंनी पूर्ण सांगितलं, भाऊंच्या फडक्यासकट. भाऊ अंगणात उभे राहून ऐकत होते, त्यांनी फक्त मान हलवली.

त्याच आठवड्यात दोघं बसने अभनपूरला गेली. शेवंता भावाच्या घरी, मागच्या दोन खोल्यांत राहते. तिच्या लॅपटॉपला आतली सेटिंग बदलावी लागलीच नाही, ती आधीपासून चालू होती. भाऊंनी फडक्याला हात लावायचा नाही, एवढी एकच अट शेवंताने घातली होती, म्हणून ते पूर्ण वेळ हात मागे बांधून आकडे सांगत बसले. शंभर झाले, लॅपटॉप परत सुरू झाला, आणि शेवंताने बटन दाबताच पहिल्याच दमात तिचं नाव घेऊन बोलला. शेवंता म्हणाली, "हव, हाये मी इथंच," आणि तिची वहिनी दारातच हसायला लागली.

जेवायला भात, वरण आणि अंगणातली लाल भाजी होती. निघताना शेवंताने ताईंना दारापर्यंत पोचवलं. दोघींचे हात एकमेकींच्या हातात होते, आणि कोण कोणाला नेत होतं, ते भाऊंना कळेना.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या आणि बस गावाबाहेर पडायच्या आत त्यांना झोप लागली. डोकं भाऊंच्या खांद्यावर आलं. कंडक्टर तिकिटाला आला, तेव्हा भाऊंनी बोट ओठांवर ठेवून त्याला खुणेने दोन सांगितले. रायपूर येईपर्यंत ते हलले नाहीत.